महिला, किरकोळ

सत्तेचाळिसाव्या पानावर त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि चष्मा काढून टेबलावर पालथा टाकला.

मुलगी ओट्याशी उभ्या उभ्या ब्रेड खात होती. ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होती. आई गेल्यापासून रोज कामावर जाताना ती बापाकडे डोकावायची, तो नीट खातोपितो की नाही ते बघायला, आणि बघून झालं की त्याचाच ब्रेड खाऊन जायची.

"आता काय लिहिलंय?" तिने विचारलं.

त्याने चष्मा पुन्हा चढवला आणि वाचून दाखवलं. "‘सदनातल्या पहिल्या अकरा वर्षांत ती जवळजवळ मूक होती. मागच्या बाकावर बसून ती सगळं ऐकत राहिली, आणि घरी जाऊन सूप ढवळता ढवळता त्यावर विचार करत राहिली.’"

"आई सूप ढवळायची?"

"पाकीट फोडायची आणि गरम पाण्यात टाकायची."

"मग विचार कधी करायची? पाकीट फोडताना?"

तो हसला नाही. मुलीने त्याच्या खांद्यावरून वाकून पान बघितलं. "हे पहिल्या अकरा वर्षांचं कुठून काढलं लेखिकाबाईंनी? आई मूक? आपल्याकडे तिच्यापुढे रेडिओला बोलायची चोरी होती."

बायको जाऊन सात महिने झाले होते. त्याच्या आधी वर्षभर ती राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढली होती. ती लढवणारी देशातली पहिली बाई. हरली, पण लाजिरवाणी हरली नाही. मग आजार निघाला आणि तीन महिन्यांत सगळं आटोपलं. नंतर ही लेखिका आली. तिची चार पुस्तकं गाजलेली, बोलणं मऊ, वागणं सभ्य. आठ वेळा येऊन बसली, समोर छोटं यंत्र ठेवून. तो बोलत गेला. घरात बोलायला दुसरं कोण होतं? आता तीनशे पानांचा गठ्ठा त्याच्यासमोर होता. वाचायचा, चुका दाखवायच्या आणि बायकोची पत्रं, फोटो आणि स्वतःच्या मुलाखती छापायला परवानगी म्हणून शेवटच्या कागदावर सही करायची. पुस्तक पहिल्या स्मृतिदिनाला यायचं होतं. बायकोवरचं हे एकच पुस्तक. दुसरं कुणी लिहिणार नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पडलेल्या उमेदवारावर कोण दोन पुस्तकं लिहितं?

मुलगी गेल्यावर त्याने लेखिकेला फोन लावला.

"काका, मी मनाने नाही लिहिलेलं," ती म्हणाली. "तुमच्याच पेपरच्या मृत्युलेखात आहे, पहिल्या पानावर. आणि मी स्वतः कात्रण विभागात जाऊन त्यांचं पाकीट बघितलंय. मागे टिपा आहेत बघा, आधार कुठला ते सगळं दिलंय."

त्याने मागची टिपांची पानं काढली. सत्तेचाळिसाव्या पानाची टीप होती: मृत्युलेख, पहिलं पान. आणि खाली: कात्रण विभाग, पाकीट क्रमांक अमुक, ‘महिला, किरकोळ’.

त्या पाकिटावरची अक्षरं कुणाची होती ते त्याला बघायला जायची गरज नव्हती. ती त्याची होती.

एकतीस वर्षं त्याने त्या पेपरच्या कात्रण विभागात काढली होती. बातमीदारांपासून मालकापर्यंत सगळे त्याला कात्रीभाऊ म्हणायचे, वयाने लहान असतील ते कात्रीकाका. काम सोपं होतं. रोजचा अंक घ्यायचा, बातम्या कापायच्या, तारीख टाकायची, पाकिटात घालायच्या. कपाटांच्या दोन रांगा होत्या. एक ‘माणसं’, एक ‘विषय’. पुरुषाची बातमी दोनदा कापली जायची: एक कात्रण त्याच्या नावाच्या पाकिटात, एक विषयाच्या. बाईची बातमी एकदाच. कारण टंकलेल्या नियमावलीत नववा नियम होता: ‘स्त्रियांची आडनावे लग्नाने बदलतात, सबब त्यांची पाकिटे नावाने उघडू नयेत. पती नामांकित असल्यास त्याच्या पाकिटात लावावे. नसल्यास महिला या कपाटात.’

तो नामांकित नव्हता.

बायको पहिल्यांदा निवडून आली तेव्हा त्या वेळचे विभागप्रमुख स्वतः म्हणाले होते, कात्रीभाऊ, उघडा की वहिनींच्या नावाचं पाकीट, कोण विचारतंय. त्याने मान हलवली होती. "माझ्या बायकोसाठी नियम वाकवला असं कुणी म्हणायला नको." त्या दिवशी तो ताठ मानेने घरी गेला होता. बायकोला सांगितलंही होतं. ती पाय चोळत बसली होती. म्हणाली, "बरं केलंस. तुझ्या नियमाला दूध-साखर खायला घाल."

मग तिचं जे काही विषयाचं असेल ते विषयाच्या पाकिटात जात राहिलं आणि उरलंसुरलं ‘महिला, किरकोळ’मध्ये. उरलंसुरलं म्हणजे काय? नव्या महिला सदस्यांच्या पर्समध्ये काय काय असतं. संसार सांभाळून राजकारण. एका बक्षीस समारंभात तिने कुणाच्या तरी बाळाला कडेवर घेतलं तो फोटो. केस कापले त्याची चौकट. हो, केस कापले तर चौकट.

भाषणं ‘विषय’मध्ये सुरक्षित आहेत, शोधणाऱ्याला सापडतील, असं तो स्वतःला सांगायचा. पण पेपरात शोधणारा कुणी नसतो. मागणारा असतो. संध्याकाळी सहाला धावत येतो, अंक आठला सुटायचा असतो, तो म्हणतो, पाकीट द्या. जे पाकिटात असतं ते छापून येतं, आणि छापून आलेलं पुन्हा त्याच पाकिटात जातं. ती राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहिली तेव्हा त्याच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. रोज कुणी ना कुणी यायचा आणि तो रोज स्वतःच्या हाताने ते पाकीट काढून द्यायचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा नेमका असाच गुळगुळीत असतो, हातात छान बसणारा.

आणि काय काय छापून आलं होतं. समोरचा उमेदवार घसा बसेपर्यंत ओरडला की आवेश. तिने मुद्दा रेटला की चढा सूर. तो दमला की देशासाठी झिजलेला चेहरा. ती दमली की प्रकृतीची काळजी. त्याला चार मुलं होती. ती कोण सांभाळतं, असं त्याला कुणी विचारलं नाही. हिला एकच मुलगी, सव्वीस वर्षांची, लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करणारी. तरी प्रत्येक मुलाखतीत तोच प्रश्न: घराकडे दुर्लक्ष होणार नाही का? एका अग्रलेखात तिचे बूट होते. अग्रलेखात, बूट.

तेव्हा त्याला बातमीदारांचा राग यायचा. आज, सत्तेचाळिसावं पान समोर ठेवून, तो राग वळून आला आणि त्याच्याच छातीवर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेपरच्या तळघरात गेला. कात्रण विभागाची आताची प्रमुख पन्नाशीची होती. तिला सगळे वहिनी म्हणायचे, ती नक्की कुणाची वहिनी ते कुणालाच माहीत नव्हतं.

"बसा काका. खुर्ची तुमचीच आहे, फक्त एक पाय मोडलाय. तिरके बसलात तर टिकेल."

त्याने काम सांगितलं. वहिनींनी आधी संगणकावर बघितलं आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. "काही नाही. संगणकात फक्त ‘माणसं’ची रांग आणि महिलांचं कपाट चढलंय. ‘विषय’ला अजून हात लागलेला नाही. त्यासाठी पैसा नाही म्हणतात."

"म्हणजे संगणकही तिला मूक म्हणतोय."

"संगणक बिचारा काय म्हणणार? तुम्ही त्याला जे खायला घातलं तेच तो ओकतोय." त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. तरी टोचलं.

तीन दिवस लागले. ‘पाणीपुरवठा’, ‘शाळा’, ‘गोदी’, ‘तुरुंग’, ‘दवाखाने’. वहिनींनी स्वतःचं काम बाजूला ठेवून शिडी धरली, मग तोच शिडीवर डगमगतोय बघून त्याला खाली उतरवलं आणि स्वतः चढल्या. पहिलं भाषण शपथेनंतर पाचव्या आठवड्यातलं होतं. पहिल्या अकरा वर्षांतली मिळून एकवीस निघाली. एकवीस, आणि प्रत्येकाच्या कडेला त्याच्या हातची तारीख.

सातवं भाषण शिशाच्या नळांवरचं होतं. राजकारणात येण्याआधी ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. जुन्या वस्त्यांतल्या नळांमधून मुलांच्या पोटात शिसं जातं, हे ती कंठशोष करून सांगायची. त्या दिवशी ती नळाचा हातभर तुकडा कापडात गुंडाळून सदनात घेऊन गेली होती. तिने तो बाकावर ठेवला. सभापतींनी तो ताबडतोब बाहेर न्यायला सांगितलं. तिने विचारलं, "सभापती महाराज, इथे पाच मिनिटं ठेवायला तुम्हाला धोका वाटतो. मग मुलांच्या घरात तो चाळीस वर्षं कसा चालला?"

बातमीचा मथळा होता: पाणीपुरवठामंत्र्यांचे समर्पक उत्तर. मंत्र्यांचं समर्पक उत्तर असं होतं की विचार करू. दोन वर्षांनी नळ बदलण्याचा कायदा आला, मंत्र्यांच्या नावाने. आयत्या बिळावर नागोबा. पुस्तकातही तो कायदा मंत्र्यांनीच आणला होता, एकशे बाराव्या पानावर.

वहिनींनी कात्रण उलटसुलट करून बघितलं. "हे तुम्हीच कापलंय."

"हो."

"वाचलं नव्हतं?"

"कापणारा वाचत नाही. कडा बघतो." मग तो म्हणाला, "खोटं कशाला बोलू. वाचायची गरज नव्हती. आदल्या दिवशी घरी तीनदा ऐकलं होतं. तो नळ आठवडाभर आमच्या दाराशी होता, मी त्याला ठेचकाळायचो."

वहिनींनी एकवीसही कात्रणांच्या प्रती काढून दिल्या.

लेखिकेने फोनवर मन लावून ऐकलं. "काका, हे फार मोठं आहे. पण माझी अडचण समजून घ्या. तुमच्याच पेपरने ‘मूक’ छापलंय, आणि कात्रणंही तुमच्याच पेपरची. उद्या कुणी विचारलं, दोन्हीतलं खरं काय, तर प्रकाशक मला धरतील. पेपरला चूक कबूल करायला लावा. मी पान बदलते."

म्हणून तो संपादकाकडे गेला. हा संपादक नवखा असताना कात्रीकाकांकडे बसून डबा खायचा. आता त्याच्या खोलीला काचेच्या भिंती होत्या.

"काका, बसा ना. कसे आहात? जेवणाखाण्याचं कसं चाललंय?"

"चाललंय. मला दुरुस्ती हवी आहे." त्याने कागद पुढे ठेवले.

संपादकाने चाळले. "वा. हे छानच. असं करू या, रविवारच्या पुरवणीत तुम्ही लिहा. ‘आठवणीतली ती.’ पान देतो. तुमचा दोघांचा फोटो, जुना एखादा."

"आठवण नको. दुरुस्ती. पहिल्या पानावर."

"दुरुस्ती आतल्या पानावर जाते, काका. हवामानाच्या खाली."

"नियमावली, बावीस. चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्याच पानावर."

संपादक हसला. "बावीस? तो पंधरा वर्षांत कुणी पाळला नाही."

"नववा मी एकतीस वर्षं पाळला. त्यातून हे झालंय. आता बावीस तू पाळ."

"अहो, पण आकडा चुकला, नाव चुकलं, तर दुरुस्ती. ‘मूक’ ही एक छटा आहे. लिहिणाऱ्याची शैली."

"छटा," तो म्हणाला. "माणूस एकवीसदा बोलला आणि तुम्ही लिहिलंत गप्प होता. समोरच्या उमेदवाराबद्दल अशी छटा मारून बघ. दुपारपर्यंत त्याचे वकील तुझ्या काचा मोजतील. हिच्या मागे वकील नाहीत, मी आहे, म्हणून हिला छटा. तुझ्या मृत्युलेखाचा मथळा काय होता? ‘हसतमुख उमेदवार हरपली’. ती हसतमुख नव्हती. आयुष्यभर ती माझ्यावरही धड हसली नाही. तिला काम होतं."

काचेपलीकडे दोनचार माना वर झाल्या.

"काका, आवाज जरा..."

"चढा सूर आहे. लिहून ठेव." तो उठला. "हे एकवीस कागद मी समोरच्या पेपरला देतो. सोबत पाकिटाचा फोटो. ‘महिला, किरकोळ’. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार तुमच्याकडे कुठल्या कपाटात होती ते त्यांना छापू दे. माझं अक्षर आहे, मी कबूल करतो."

संपादकाने त्याला परत बसायला सांगितलं. चहा मागवला. चहा येईपर्यंत मजकूर तयार झाला होता.

शुक्रवारी तो पहिल्या पानावर आला, तळाशी, सहा ओळी. ‘अकरा वर्षे सदनात जवळपास मूक होत्या, असे या पत्राने त्यांच्या मृत्युलेखात म्हटले होते. त्या काळात त्यांनी एकवीस भाषणे केली. शिशाचे नळ बदलण्याची मागणी सदनात प्रथम त्यांनीच केली. कात्रण विभागातील जुन्या पद्धतीमुळे ही भाषणे त्यांच्या नावाखाली नव्हती. ही माहिती त्यांच्या पतीने, आमच्या निवृत्त सहकाऱ्याने, निदर्शनास आणली. चूक आमची आहे.’

शेवटून दुसरं वाक्य त्याने दिलेल्या मजकुरात नव्हतं. ते संपादकाने स्वतःच्या चांगुलपणाने घातलं होतं.

आणि तेवढं एक वाक्य सगळ्यांनी वाचलं. दहापासून फोन सुरू झाला. शाळेतला मित्र म्हणाला, तू खरा सोबती. बायकोच्या पक्षातल्या एका बाईंनी रडत सांगितलं, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने जिन्यात हात मिळवला. सोमवारी पेपरने वाचकांची नऊ पत्रं छापली, वर ठळक मथळा: पती असावा तर असा. नऊपैकी एकातही भाषणांत काय होतं असं विचारलेलं नव्हतं. शिसं कुणाच्याही घशात अडकलं नाही.

"आईला मूक म्हणाले तेव्हा एकाचाही फोन नव्हता," तो मुलीला म्हणाला. त्याने पेपर असा आपटला की कप कलंडला. "मी काय केलं? माझीच घाण मी उपसली. त्याचा सत्कार?"

मुलीने फडकं आणलं. "माझ्याकडे रोज होतं हे. लिफ्ट मी चालू करते आणि बाहेर आलेले लोक माझ्या मदतनिसाचे आभार मानतात. कारण त्याला मिशा आहेत."

"मग तू काय करतेस?"

"पुढच्या लिफ्टला जाते. पण तुमच्याकडे दुसरी लिफ्ट नाही. एकच पुस्तक आहे."

लेखिका बुधवारी आली. सत्तेचाळिसावं पान तिने बदललं होतं, कायदाही मंत्र्यांकडून काढून घेतला होता. शब्दाला जागली. पण ती आणखी काहीतरी घेऊन आली होती आणि ते देताना तिचे डोळे चमकत होते. नवीन पहिलं प्रकरण. चौदा पानं.

त्याने ती तिच्यासमोरच वाचली. मुलगी खिडकीत बसून होती. प्रकरण त्याच्यापासून सुरू होत होतं. तळघर, कात्री, बायकोवर जीव असलेला एक साधा माणूस, ज्याने प्रामाणिकपणाच्या हट्टापायी आपल्याच हातांनी तिचा आवाज पुरला आणि ती गेल्यावर नखांनी उकरून काढला. सुरेख लिहिलं होतं. एकही शब्द खोटा नव्हता.

"शिशाचं भाषण कुठे आहे?" त्याने विचारलं.

"एकशे बारावर. अकरा ओळी घेतल्यात."

"आणि बाकीची वीस?"

"परिशिष्टात यादी देणार आहे, तारखांसकट."

"माझी कात्री चौदा पानं आणि तिचा नळ अकरा ओळी." त्याने कागद टेबलावर ठेवले. "बाई, तुम्ही परत तेच केलंत."

लेखिकेला ते लागलं. "काका, मी बाई आहे. मला काय कळत नाही का, त्यांना किती सोसावं लागलं? पण वाचकाला आत यायला दार लागतं. तुमची गोष्ट हे दार आहे. ते वाचून माणूस रडेल आणि पुढची तीनशे पानं वाचेल."

"ती दार नव्हती?"

"नियम, कपाटं, भाषणं... त्यावर कोण रडतं?"

"रडू नका. चिडा. तिच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसावर तीन पुस्तकं आली. मी तिन्ही वाचली. त्याची बायको कुठेय त्यात? एका फोटोत, कडेला, अर्धी कापलेली. तिच्यावाचून वाचक आत गेलाच ना? आणि हिच्या पुस्तकात शिरायचं तर आधी माझे पाय चेपायचे?"

"मग प्रकरण काढलं तर पुस्तक कोरडं होईल. प्रकाशक खूश नसतील."

"सही माझी हवी आहे ना?"

खिडकीतून मुलगी बोलली, सावकाश. "बाबा, एक सांगा. तुम्हाला माफी हवी आहे का आईचं भाषण छापून यायला हवंय? कारण हे चौदा पानांचं जे आहे ना, ती तुमची माफी आहे. बाईंनी छान देऊन टाकली आहे. दोन्ही एकदम मिळणार नाहीत."

त्याने तो चौदा पानांचा गठ्ठा पुन्हा जवळ ओढला. खरं होतं. वाचताना एका जागी त्याला बरं वाटलं होतं. कुणीतरी आपली चूक पदरात घेतली आणि तिच्यावर हात फिरवला, असं.

"चार दिवसांनी या," तो लेखिकेला म्हणाला. "मी पेन्सिलीने खुणा करून देतो. त्यात मी कुठेच नसेन. नववा नियम राहू दे, अगदी शब्दशः राहू दे. तो कुणी पाळला ते लिहा, ‘विभागाने’. तसं छापायचं असेल तर सही करतो. नाहीतर पत्रं आणि फोटो माझ्या कपाटात आहेत, तिथेच राहतील."

"तुमच्याशिवाय ही गोष्ट होत नाही, काका."

"तिची होते."

चार दिवस तो सकाळी बसायचा तो दुपारी उठायचा. पहिलं प्रकरण सरळ गेलं, चौदा आडव्या रेघा. मग जिथे जिथे तो होता तिथे तिथे. पहिल्या प्रचारसभेला तिची पिशवी धरून उभा असलेला. मतमोजणीच्या दिवशी तिला पाण्याचा पेला देणारा. लग्नाची हकिगत त्याने दीड ओळीत आणली. काही काढताना मजा वाटली, काही काढताना हात जड झाला. सूप त्याने कुणाला न विचारता काढलं. जागा रिकामी झाली की समासात आकडा लिहायचा: इतक्या ओळी.

दोनशे एक्याण्णवाव्या पानावर दवाखान्यातली शेवटची सकाळ होती. ती त्याने तिसऱ्या भेटीत सांगितली होती आणि सांगताना यंत्र बंद करायला लावलं होतं, पण लेखिकेने ती मनात ठेवून लिहिली होती. किती नळ बदलून झाले ती पेपरातली बातमी तो वाचून दाखवत होता. ती डोळे मिटून म्हणाली, "नव्वद टक्के नाही, एकोणनव्वद. त्यांनी वर ढकललंय." मग तिला झोप लागली, डोकं त्याच्या दंडावर. दंडाला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला, मग त्याला दंड आहे हेच कळेनासं झालं. तो हलला नाही. पावणेदोन तासांनी परिचारिका आली आणि तिने त्याला हलवलं.

संपूर्ण पुस्तकात हे पान सगळ्यांत चांगलं होतं.

मुलगी समोर बसून सफरचंद कापत होती. तिने त्याची पेन्सिल थांबलेली बघितली, पान ओढून वाचलं आणि परत त्याच्यापुढे सरकवलं. "हे राहू द्या, बाबा."

"नको."

"हे खरं आहे. हे तुमचं दोघांचं आहे."

"खरं आहे, म्हणून नको. इथे लोक रडतील. रडले की त्यांना वाटेल, पुस्तक समजलं." त्याने रेघ ओढली. दंड गेला, मुंग्या गेल्या, पावणेदोन तास गेले, परिचारिका गेली. वरच्या दोन ओळी त्याने ठेवल्या: शेवटच्या सकाळी तिने पेपरातला एक आकडा चुकला असल्याचं सांगितलं. तो चुकलाच होता.

मुलगी उठून बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. त्यालाही समासातला आकडा लिहायला थोडा वेळ लागला.

रविवारी लेखिका आली. तिने एकेक पान उलटलं, कपाळाला आठी घालून. काही ठिकाणी मान हलवली, काही ठिकाणी श्वास सोडला. दोनशे एक्याण्णवावर ती थबकली. "काका, हेही?" आणि मग, अजून हार न मानता, "इथे पान फार उघडं पडतंय. एवढ्या मोठ्या रेघेनंतर मी इथे घालू काय?"

त्याने समासातल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"चव्वेचाळीस ओळी मोकळ्या आहेत. सातवं भाषण अख्खं बसतं. मी मोजलंय."